वेबसाइट आपल्या गटाची, आणि चावी कुणाकडे?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

पुण्यातल्या कुठल्याही नागरिक मंचाला किंवा सोसायट्यांच्या गटाला विचारा, २०१९ च्या पुराचे फोटो आहेत का? उत्तर ठरलेलं. "होते की, ग्रुपवर टाकले होते." मग कुणीतरी मोबाइलवर बोट फिरवत बसतं आणि पाच मिनिटांनी चहा येतो, विषय बदलतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कसा घुसला, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं, याचे फोटो लोकांनी ढिगाने काढले होते. कुठल्या इमारतीच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, किती वाजता लागलं. पूररेषेवर वाद घालायचा तर याच्याइतका मोलाचा पुरावा नाही. तो आज जुन्या फोनमध्ये आहे, किंवा नाहीच. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार होता. नगरसेवक नव्हते, तेव्हा माहिती अधिकारात कागद मिळवून पाठपुरावा केला तो लोकांनीच. ते कागदही कुणाच्या तरी फेसबुक भिंतीवर. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथे लिहिलेलं कुणाला आज सापडतंय?

म्हणून माझं मत सरळ आहे. सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येक गटाची स्वतःची वेबसाइट हवी, स्वतःच्या नावावरच्या डोमेनवर, स्वतः भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर. व्हॉट्सअ‍ॅप निरोपासाठी ठेवा, दप्तरासाठी नको.

यावर लगेच येतं, "अहो, ते फार टेक्निकल असतं, सारखं बंद पडतं." पडतं, खरंय. मी अशा काही गटांना साइट उभी करून द्यायला बसलोय, आणि बंद पडण्याची कारणं फिरून फिरून तीच असतात.

सगळ्यात मोठं कारण तर टेक्निकल नसतंच. डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा कुणाच्या तरी भाच्याने "काका, मी करतो" म्हणून स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. भाचा बंगळुरूला गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या बंद झालेल्या नंबरवर. मुदत संपली की ते नाव कुणीही उचलू शकतं आणि टेकडीच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात. उपाय साधा. गटाचा एक वेगळा ईमेल काढा, डोमेन आणि सर्व्हर दोन्ही त्यावर घ्या, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. बँकेत दोन सह्या लागतात ना, तसंच.

दुसरी तक्रार, "सगळं केलं, तरी साइट दिसत नाही." आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे दिसली तर साइट ठीक आहे, तुमच्याकडे जुना पत्ता साठून राहिलाय. डीएनएसमध्ये बदल केला की तो सगळीकडे पोचायला काही तास लागू शकतात. या तासांत लोक घाबरून आणखी चार बदल करतात, आणि मग खरंच बिघडतं. एकच बदल करा, वहीत लिहा, थांबा. (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, दोन्ही पत्ते तपासा. निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो.)

काही निवृत्त इंजिनिअर मंडळींना घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर साइट चालवायची हौस असते. हौस चांगली आहे. पण आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, अनेक घरांत मिळून एकच असतो. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट उघडण्यात रविवार घालवू नका, बाहेरचं कुणी आत येऊ शकणार नाही. स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर टनेल वापरा. आणि खरं सांगू? लोकांच्या दप्तरासाठी घरचा सर्व्हर नकोच. ज्या दिवशी पूर येतो त्या दिवशी वीजही जाते.

मग ते कुलूप. "ही साइट सुरक्षित नाही" असं दिसलं की लोक घाबरतात. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ९० दिवसांचं, आणि आपोआप नवं होतं. गंमत अशी की कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पोर्ट ८० बंद करतं. नेहमीच्या पद्धतीत तपासणी त्याच दाराने होते. दार बंद, त्यामुळे नूतनीकरण फसतं आणि तीन महिन्यांनी एका सकाळी साइट लाल. मुदत संपत आल्याची ईमेल ते पूर्वी पाठवायचे, २०२५ पासून तेही बंद केलंय. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आता आपला खास मराठी घोळ. यावर इंग्रजीतल्या मदतीत सहसा काही सापडत नाही.

गटाची जुनी पत्रकं बहुतेक श्रीलिपीत किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली असतात. तो मजकूर उचलून साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. सर्व्हर बिघडलेला नाही. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातले होते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्याने तपासा, यंत्रावर सोडू नका. गंमत बघा, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं केवढं काम याच शहरात सी-डॅकमध्ये झालं, आणि आपली पत्रकं अजून जुन्या फाँटमध्ये अडकलेली.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डेटाबेस जुन्या लॅटिन मांडणीत आहे. तो यूटीएफ-८ एमबी-४ करा. नुसतं यूटीएफ-८ केलं तर मायएसक्यूएलमध्ये मराठी चालतं, कारण आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पण कुणी शेवटी हात जोडलेला इमोजी टाकला, की तो चार बाइटचा, आणि पोस्ट जतनच होत नाही. काकांना वाटतं साइट हॅक झाली! झालेलं काही नसतं, नमस्कार जड झालेला असतो. बदलण्याआधी बॅकअप घ्या. आणि जिथे प्रश्नचिन्हंच साठवली गेलीत तिथला मजकूर परत येत नाही, तो पुन्हा टाइप करावा लागतो.

लेखाचा पत्ता मराठीत ठेवू नका, असं मी सांगतो तेव्हा काही जण रागावतात. भाषेचा प्रश्न नाही. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं, वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. शीर्षक मध्येच तुटतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी जाते. शीर्षक मराठी, पत्ता छोटा रोमन. साइटची भाषा मात्र मराठीच निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदीचे नाही.

"डेटाबेसशी संपर्क होत नाही" हा संदेश स्वस्त सर्व्हरवर हमखास येतो. मेमरी संपली की यंत्रणा डेटाबेसच बंद करून टाकते, किंवा लॉग साठून डिस्क भरलेली असते. आधी या दोन गोष्टी बघा. आणि फाइल चढत नाही म्हणून सगळ्या फोल्डरना ७७७ परवानगी देऊ नका. इंटरनेटवर कुणीतरी तसा सल्ला दिलेला असतो. घराची किल्ली हरवली म्हणून आपण दार काढून ठेवत नाही.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा एक प्रत कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर, आणि वर्षातून एकदा ती खरंच उघडून, दुसरीकडे चालवून बघा.

"एवढं करणार कोण?" हा प्रश्न मला मान्य आहे. पण गणपतीचा हिशेब दरवर्षी कुणीतरी ठेवतंच ना? तितकाच वेळ लागतो, महिन्याला एखादा तास. गटात एक जण संगणकाचा आणि एक जण नुसता शिस्तीचा असला की भागतं. दुसरा जास्त महत्त्वाचा.

आपल्या गटाचं डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे आणि कधी संपतंय, एवढं या आठवड्यात विचारून घ्या. काही अडलं असेल तर कमेंटमध्ये एरर जशीच्या तशी लिहा, स्क्रीनशॉट टाका, जमेल तसं उत्तर देतो. पासवर्ड मात्र टाकू नका, मागच्या वेळी एकांनी टाकला होता.