भाकरीला आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे केले?

गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांत एक नवेच सोवळे शिरले आहे. पंगतीला बसलेला पाहुणा वरण-भात दूर सारतो, भाकरीकडे संशयाने पाहतो आणि पनीर मात्र मागून घेतो. विचारले तर उत्तर येते, "मी कीटोवर आहे." दुसरा दुपारी एकपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नाही, त्याचे 'इंटरमिटंट फास्टिंग' चाललेले असते. आजीच्या एकादशीला बुरसटलेपणा म्हणून हसणारेच आज उपाशी राहिल्याचे तास मोबाइलवर मोजत बसतात!

वजन घटविण्याची गरज कोणीच नाकारीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि जवळपास ४० टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. रोग खरा आहे. प्रश्न आहे तो त्यावरचा उतारा म्हणून काय विकले जाते, याचा.

मुळात कीटो हा लठ्ठपणावरचा उपाय म्हणून जन्मलाच नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो वैद्यकीय देखरेखीखाली आजही वापरतात. बाजाराने मात्र तो सरसकट सर्वांच्या गळ्यात बांधला. त्यात दिवसभराचे पिष्टमय पदार्थ साधारणतः ५० ग्रॅमच्या आत ठेवावे लागतात. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे दीड भाकरीतच दिवसाचा हिशेब संपला! ज्या वऱ्हाडाच्या पिढ्या ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी खाऊन शेतात राबल्या, त्या वऱ्हाडाला भाकर हे विष आहे म्हणून सांगावे, याला काय म्हणावे?

प्रस्तुत लेखकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने हे दोन्ही मार्ग चालून पाहिले आहेत. तीन महिने कीटो केला. पहिल्या दहा दिवसांत अडीच किलो वजन उतरले. परंतु त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीरात साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की तेही जाते. पुढे बद्धकोष्ठता आली, डोके जड राहू लागले, किराण्याचे बिल फुगले आणि भाकर सुरू होताच बरेचसे वजन परतले. त्यानंतर आठ महिने दिवसातून दोनदाच, पण घरचे जेवण घेतले. मधले चहा, फरसाण, बिस्किटे बंद केली आणि रोज चालणे ठेवले. सहा किलो वजन उतरले आणि ते अद्याप टिकून आहे.

एकट्याचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मान्य. म्हणून संशोधन पाहावे. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचा आहार सारखाच घटविला होता; एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य, घड्याळात जादू नाही. दिवसभर तोंड चालू ठेवण्याची सवय सुटते, हाच उपवासाचा खरा लाभ.

हे सांगायला परदेशी गुरू कशाला हवा? विदर्भाचेच सुपुत्र डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दोनदा जेवण्याचा विचार मांडला. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचविला. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि ४५ मिनिटे चालावे, एवढेच त्याचे सार. त्यावर मतभेद असू शकतात; पण त्यासाठी महागडे डबे विकत घ्यावे लागत नाहीत.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा मधुमेही जेवण चुकवील, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने कीटो केला, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता निर्माण होऊ शकते. "तुम्ही कोणती गोळी घेता?" हा प्रश्न मोबाइलवरचा कोणता उपदेशक विचारतो? घरातील कर्त्या माणसाचा जीव 'पंधरा दिवसांत पाच किलो' अशा जाहिरातीवर सोपवायचा काय?

आणि दोष केवळ बाजाराच्याच माथी मारून भागणार नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपलीच आहे. संयमासाठी सांगितलेल्या व्रताच्या दिवशी आपण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस यांवर ताव मारतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शिवाय तो ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा आणि शेंगदाणा ही तिन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेली. ती उपवासाला चालतात आणि ज्वारी चालत नाही!

सोयाबीनने वऱ्हाडातील ज्वारीचा पेरा आधीच खाल्ला आहे. आता ताटातूनही तिची हकालपट्टी आरंभली आहे. ती थांबवायची तर घराघरांतून सुरुवात व्हायला हवी. जेवणाच्या वेळा ठरवाव्या, तेल-साखर आवरावी, उपवास खराखुरा करावा आणि औषध घेणाऱ्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. १९१४ साली हनुमान व्यायामशाळेची परंपरा सुरू करणाऱ्या अमरावतीला घाम गाळण्याचे महत्त्व इतरांनी शिकवावे, ही वेळ तरी येऊ नये. सुटले आहे ते आपले पोट. त्याची शिक्षा भाकरीने का भोगावी?