पोलादाचे बारसे

नावाचा आपल्याला मोठा सोस. पाळणा हलण्याआधीच आत्याबाईंच्या मनात नाव पक्के झालेले असते. आरमारातल्या पोरी मात्र सोशीक! मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘इंफाळ’ ही विनाशिका आधी नुसती १२७०६ या आकड्याने ओळखली जाई. १९ मे २०१७ रोजी तिचा कणा बसला. पोलादाचे घराएवढाले ठोकळे निरनिराळे तयार करायचे आणि मग एकमेकांना जोडायचे, अशी ही बांधणी. २० एप्रिल २०१९ ला सुमारे तीन हजार टनांचे ते धूड पाण्यात उतरले आणि त्याच वेळी बारसे झाले. गंमत अशी की, नाव ठेवण्याचा मान आरमारी रिवाजाप्रमाणे स्त्रीचा; बहुधा नौदलप्रमुखांच्या पत्नीचा. म्हणजे तिथेही आत्याबाई आहेतच!

पण बारसे झाले म्हणून पोर लगेच मिळवती होत नाही. यंत्रे, तोफा, क्षेपणास्त्रे बसायची, भर समुद्रात परीक्षा द्यायच्या. साडेचार वर्षे अशी गेली. २६ डिसेंबर २०२३ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा कुठे नावाआधी ‘आयएनएस’ ही अक्षरे लागली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन, वेग ताशी ३० सागरी मैलांहून अधिक.

माझगावच्या विनाशिकांना शहरांची नावे मिळतात. १९४८ साली ब्रिटनकडून घेतलेल्या क्रूझरचे ‘दिल्ली’ हे नाव १९९७ मध्ये इथे बांधलेल्या विनाशिकेला दिले. आजीचे नाव नातीला ठेवावे तसे. पुढे ‘मुंबई’, ‘कोलकाता’, ‘चेन्नई’ आल्या. २०२५ च्या जानेवारीत ‘सुरत’ आली. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० एवढेच आठवते. आता तीच सुरत माझगावात घडून पश्चिम किनारा राखते आहे.

साताऱ्याच्या आमच्या वर्गात यावरून हमखास प्रश्न येतो, “सर, ‘सातारा’ का नाही? ‘सांगली’ का नाही?” आपल्याला समुद्र नाही, हे उत्तर चालत नाही. इंफाळला तरी कुठे आहे? शिवाय साताऱ्याचा दर्याशी संबंध जुना. शाहू महाराजांची गादी इथे आणि त्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे कुलाब्याला. मुंबईतला नौदलाचा एक तळ आजही ‘आंग्रे’ याच नावाने ओळखला जातो.

आणि कृष्णामाई? महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगलीवरून जाणारी आपली नदी १९४३ सालीच युद्धनौका झाली. स्कॉटलंडमधल्या यारो कंपनीने ती नौका बांधली. साहेबाच्या जिभेने तिचे ‘किस्टना’ केले होते. स्वराज्यात ती ‘कृष्णा’ झाली. नौदलाच्या तरुण उमेदवारांना ती समुद्राचे पहिले धडे देई. ती निवृत्त झाल्यावर १९९५ मध्ये दुसरी ‘कृष्णा’ आली, तीही शिकवणारीच. २०१२ पर्यंत तिने ती शाळा चालविली.

हे सारे मी सांगलीच्या आमच्या शेजारच्या वहिनींना मोठ्या ऐटीत सांगितले. त्यांचा मुलगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला आणि गेल्या वर्षी नौदलात निवडला गेला. वहिनींनी समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, तोही चपला हातात घेऊन. “भावजी, पायदळात गेला असता तर निदान पाय जमिनीवर राहिले असते,” असे त्यांचे म्हणणे. कृष्णेची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “नाव चांगलेच हो. पण त्यातली पोरे घरी कधी यायची?”

प्राध्यापकाजवळ याला उत्तर नसते. बोटीच्या नावाचा अभिमान आपल्याला घरबसल्या वाहता येतो; पोर पाठवणारीला तो झोप मोडून वाहावा लागतो. ‘सातारा’ नावाची विनाशिका निघेल तेव्हा निघो. विनाशिकेवर बाहेर नाव एकच असते, पण आत सुमारे तीनशे माणसे असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचे नाव कोण्या घरी, कोण्या आत्याने पाळण्यात वाकून त्याच्या कानात सांगितलेले असते. यंदा वहिनींनी फराळाचा डबा नेहमीपेक्षा आठ दिवस आधीच टपालात टाकला आहे.