हेलपाट्यांचा कर

रोजगार हमी योजनेचे गोडवे गाताना महाराष्ट्राचे सत्ताधारी एका कलमाचा उल्लेख कटाक्षाने टाळत आले आहेत. १९७७ साली विधिमंडळाने संमत केलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आलेल्या रोजगार हमी कायद्यात, मागणी करूनही पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास मजुराला बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती. रक्कम दिवसाला एक रुपया. रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व क्षुल्लक नव्हते. काम नसणे हा मजुराचा दोष नसून शासनाकडे निघणारे त्याचे येणे आहे, ही गोष्ट त्या एका रुपयाने मान्य केली होती. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचे आश्वासन आहे. ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी ते आश्वासन तिथेच बांधून ठेवले आहे, हा भाग वेगळा.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने भत्ता मजुरीशी जोडला. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा. मात्र या कायद्यात एक चतुर पेच होता. मजुरीचा पैसा केंद्राच्या तिजोरीतून येणार आणि बेकारी भत्त्याचा पैसा राज्याच्या तिजोरीतून जाणार, अशी वाटणी होती. हेतू असा, की भत्त्याच्या धाकाने राज्य सरकारे तत्परतेने कामे काढतील. झाले उलटेच. कामे काढण्यापेक्षा मागणी कागदावर येऊ न देणे यंत्रणेला स्वस्त पडले. नमुना क्रमांक ४ मधील अर्ज तारीख घालून घेतलाच नाही, पोच दिलीच नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कोठून? अर्ज नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून बेकारी नाही, आणि बेकारी नाही म्हणून भत्ता नाही. आपल्या ग्रामीण भागात बेकारी नाही, हे सिद्ध करण्याची याहून सोपी रीत अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

पोच मिळाली नाही की हेलपाटे सुरू होतात. दौलताबादचे उदाहरण घ्यावे. गाव शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर, वेरूळच्या हमरस्त्यावर. किल्ला पाहायला येणाऱ्यांच्या मोटारी दिवसभर धावत असतात, त्यामुळे वरकरणी हे काही आडगाव नव्हे. पण ग्रामपंचायतीने दाद न दिल्यास मजुराने जायचे ते तहसील कचेरीत, कारण महाराष्ट्रात तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार. आणि ती कचेरी छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे जाऊन-येऊन साठ रुपये. बसस्थानकापासून कचेरीपर्यंत रिक्षाचे वीस-तीस धरले, तर एका खेपेला ऐंशी-नव्वद रुपयांचा चुराडा, तोही चहाचा घोट न घेता. २०२५-२६ साली महाराष्ट्रात हमी योजनेची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तिचा चतुर्थांश ७८ रुपये. एका दिवसाचा भत्ता मागण्यासाठी एका दिवसाच्या भत्त्याहून अधिक खर्च, असा हा हिशेब आहे. स्त्रियांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, म्हणून मजूर बाईचा हिशेब थोडा हलका होतो. पण मूल कडेवर घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात घालवलेल्या दिवसाला अर्धे तिकीट नसते.

यावर एक आक्षेप येईल. महिनाभराचा भत्ता मिळाला तर २,३४० रुपये हाती पडतात, त्यासाठी तीन-चार खेपा काय जड आहेत? आक्षेप दिसतो बिनतोड, पण तो ‘मिळाला तर’ या दोन शब्दांवर उभा आहे. खेपेचा खर्च निश्चित आहे, रोख आहे आणि आधी करायचा आहे. भत्ता अनिश्चित आहे आणि नंतर, कधीतरी, मिळायचा आहे. समजा, दहांतल्या एका अर्जालाच यश येते. मग त्या २,३४० रुपयांचे मजुराच्या लेखी मोल उरते २३४ रुपये. त्यासाठी चार खेपांचे तीनशेहून अधिक रुपये, शिवाय चार दिवसांची चुकलेली मिळेल ती रोजंदारी, हा सौदा कोणता शहाणा माणूस करील? गाडीभाड्याचे पैसे उसने काढावे लागले तर व्याज निराळेच. कचेरीतले लोक ज्याला अशिक्षितांची उदासीनता म्हणतात, ती पुष्कळदा अचूक आकडेमोड असते. मजुराला गणित येते म्हणूनच तो कचेरीत फिरकत नाही.

शेतमजुराची ही कथा, तर वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या वसाहतींतून काढून टाकलेल्या कामगाराची कथा फार वेगळी नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून बेकार झालेल्या विमाधारकांसाठी अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आणली. सरासरी रोजच्या कमाईच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि उभ्या आयुष्यात एकदाच. जणू माणसाने एकदाच बेकार व्हावे असा शासनाचा संकेत आहे! मूळ नियमांत बेकार होऊन नव्वद दिवस उलटल्यावर दावा करायचा होता, ज्या मालकाने घालवले त्याच्याच मार्फत करायचा होता, आणि वर मुद्रांकावर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र. २०२० च्या टाळेबंदीत लक्षावधी कामगार रस्त्यावर आल्यावर सरकारला जाग आली. त्या संकटात रोजगार गमावलेल्यांसाठी दर पन्नास टक्के झाला, मुदत तीस दिवसांवर आली, मालकाची मध्यस्थी आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही गेले. अर्थात, या अटी अपरिहार्य नव्हत्या. नाहीतर त्या एका फटक्यात उडाल्या नसत्या. तरीही ठेकेदार बदलला की ज्याच्या वर्गणीची नोंद तुटते, त्या कंत्राटी कामगाराला यातले काहीच लागू पडत नाही. सलग वर्गणीचा पुरावा कोठे मिळेल हे विचारण्यासाठी एक खेप, आणि मिळणार नाही हे ऐकण्यासाठी दुसरी, एवढेच त्याच्या वाट्याला येते.

या हेलपाट्यांचे समर्थन करणारे एक घराणे अर्थशास्त्रातही आहे. १९८२ साली निकोल्स आणि झेकहाउझर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले, की मदत मिळवण्यात थोडा त्रास ठेवला तर ज्यांना खरी गरज नाही ते आपोआप गळतात. ज्याच्या वेळेला बाजारात मोल आहे तो रांगेत उभा राहणार नाही. युक्तिवाद डौलदार आहे, आणि आपल्याकडचे नोकरशहा निबंध न वाचताच तो पाठ म्हणतात. परंतु त्यात त्रास धरला आहे तो वेळेचा. गाडीभाडे हा वेळ नव्हे, ती रोकड आहे. आणि रोकड नेमकी ज्याला गरज आहे त्याच्याच खिशात नसते. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे तो कचेरीत पोहोचतो, आणि जो पायी आहे तो गळतो. ही चाळण धान्य टाकून कोंडा ठेवते.

शिवाय ही चाळण नवी नाही. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या ब्रिटिश सरकारने ‘अंतराची कसोटी’ लावली होती. धडधाकट माणसाला घराजवळच्या कामावर घ्यायचे नाही, दहा मैलांपलीकडे धाडायचे, म्हणजे खरा भुकेला कोण ते कळेल, असा तिचा मतलब. मजुरी कापली गेली आणि लोकांना लांबच्या कामांवर हाकलले, तेव्हा १८७७ च्या आरंभी दख्खनमधील मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दौलताबाद त्या वेळी निजामाच्या मुलखात, म्हणून ही कसोटी इथल्या रयतेला लागली नाही, एवढेच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी ही खरे तर या कसोटीचा निषेध होती. काम मजुराच्या गावाजवळ आले पाहिजे, हे तिचे सूत्र. २००५ च्या कायद्याने पाच किलोमीटरपलीकडे काम दिल्यास प्रवास आणि राहणीसाठी दहा टक्के जादा मजुरी देण्याचे बंधन घातले, तेही त्याच सूत्राने. कामाचे अंतर असे मोजले गेले. कचेरीचे अंतर मोजायचे कोणाच्या मनात आले नाही, आणि कामाच्या दारातून हाकललेली कसोटी भत्त्याच्या दारातून परत आली.

दौलताबादच्याच इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. त्याच्या या लहरीबद्दल मराठीत अजूनही शिवी दिली जाते, आणि ती यथार्थ आहे. पण झियाउद्दीन बरनी हा तुघलकाचा पक्षपाती नसलेला इतिहासकारही लिहून ठेवतो, की सुलतानाने स्थलांतर करणाऱ्यांना वाटेत आणि पोहोचल्यावर सढळ हाताने मदत केली. ज्याला आपण लहरी हुकूमशहा म्हणतो, त्यालाही एवढी जाण होती की माणसांना हुकमाने चालवायचे तर वाटखर्ची हुकूम देणाराने द्यायची. लोकशाही सरकारच्या सूचनापत्रांत हा कारभार दिसत नाही.

की दिसतो, पण फक्त काहींसाठी? सरकारी नोकर दौऱ्यावर निघाला की प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता त्याच्या मागोमाग चालतो. फौजदारी न्यायालय साक्षीदाराला बोलावते तेव्हा त्याचा वाजवी खर्च शासनाकडून देण्याची तरतूद १९७३ च्या संहितेत होती, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही ती काढलेली नाही. बेकाराला बोलावणारे शासन तेच, बोलावणे तेवढेच सक्तीचे, न गेल्यास नुकसान अधिक. मग त्याचे भाडे तेवढे खाजगी कसे? रेल्वेच्या सवलतींच्या यादीत मुलाखतीला निघालेल्या बेकार तरुणांसाठी एक रकाना होता. मार्च २०२० मध्ये दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी वगळून बाकी सवलती गोठवल्या गेल्या, त्यात तोही गेला, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी जेवढी ओरड झाली तिच्या शतांशानेही त्यासाठी झाली नाही. बेकारांची संघटना नसते, हे त्याचे साधे कारण.

आता सर्व ऑनलाइन आहे, हेलपाटे उरलेच कोठे, असे मंत्रालयातून सांगितले जाते. वस्तुतः हेलपाट्याचे फक्त ठिकाण बदलले. जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाइलवरील छायाचित्रांनी घेणे सक्तीचे झाले, जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच. आधारवरचे नाव आणि रोजगारपत्रकावरचे नाव यांत एका मात्रेचा फरक असला की पुन्हा शहर गाठा. दगड फोडून ज्याच्या बोटांच्या रेषा पुसल्या, त्याचा अंगठा यंत्राला पटत नाही. यंत्राने नाकारलेल्या अंगठ्याचे भाडेही मजुराच्याच गाठीचे.

श्रीमंत भांडवलशाही देशांनीही हेच केले आहे. ब्रिटनमध्ये १९२१ ते १९३० या काळात ‘खरोखर काम शोधत असल्याचे’ सिद्ध करण्यासाठी बेकारांना कारखान्यामागून कारखाने पालथे घालावे लागत, काम कोठेच नाही हे ठाऊक असूनही. १९३६ मध्ये जॅरोचे बेकार लंडनपर्यंत चालत गेले, तर त्या दिवसांत ते कामासाठी ‘उपलब्ध’ नव्हते म्हणून त्यांचा भत्ता कापला गेला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि मजुरीसह खर्चाचा चाळीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. पूर्वी केवळ भत्ता टाळण्यात राज्याचा स्वार्थ होता, आता मजुरी टाळण्यातही आहे. मागणी दडपण्याची ओढ त्यामुळे वाढणार, आणि या ठिकाणी पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही जाब विचारला पाहिजे. वाळूजच्या कायम कामगारांच्या वेतनकरारासाठी संघटना जेवढी शक्ती खर्च करतात, तिचा कितवा हिस्सा फाटकाबाहेर पडलेल्यांच्या वाट्याला येतो? गावातून चाळीस-पन्नास जणांचे अर्ज एकत्र भरून, ग्रामसभेच्या दिवशी, तारखेच्या पोचेसह दाखल करणे यात क्रांतिकारक असे काही नाही, पण एकेकट्याच्या चार खेपा त्याने वाचतात आणि पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होते. त्याबरोबर मागणी तीन गोष्टींची असावी. पंधरा दिवस उलटताच अर्जाविना भत्ता खात्यावर जमा व्हावा. तहसीलदाराने महिन्यातून ठरलेल्या दिवशी दौलताबादसारख्या मोठ्या गावी बसून तक्रारी निकाली काढाव्यात. आणि शासनाने बोलावलेल्या प्रत्येक बेकाराला, बोलावण्याचा कागद दाखवताच, एस.टी.चे जाण्या-येण्याचे तिकीट वाहकाने विनामूल्य द्यावे, ज्याचा भरणा बोलावणाऱ्या खात्याने महामंडळाकडे करावा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांच्या मोफत प्रवासासाठी ही पद्धत २०२२ पासून राज्यात चालू आहे, आणि त्यासाठी कोणतीही समिती नेमण्याची गरज पडली नव्हती.