कुगावच्या घाटावर कायदा कधी उतरणार?

उजनी धरणाच्या पाण्यावर नेमका कोणता कायदा चालतो, हा प्रश्न आपल्या सोलापूर जिल्ह्यात 21 मे 2024 च्या संध्याकाळी उभा राहिला आणि पाऊस सुरू झाल्यावर विरूनही गेला. त्या दिवशी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वळिवाच्या वाऱ्यात उलटली. होडीत सातजण होते. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण बुडाले. त्यांत दोन लहान मुलं होती. त्याआधी 30 एप्रिल 2017 ला याच जलाशयात माळशिरस तालुक्यातल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघे गेले होते. दोन्ही वेळा शोक झाला, चौकशीची भाषा झाली. पाण्यावर हुकूम कुणाचा, हे मात्र कुणी नीट सांगितलं नाही.

ते समजून घ्यायला आधी समुद्रावर जावं लागेल, कारण जलवाहतुकीचे नियम बंदराकडून आत येतात. जहाजांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि जुलै 1977 पासून जगभर लागू झाले. कुणी कुणाला वाट द्यायची, रात्री कोणता दिवा कोणत्या बाजूला लावायचा, भोंगा किती वेळा वाजवायचा, हे सगळं त्यात आहे. पण पहिल्याच नियमात एक फट मुद्दाम ठेवली आहे : बंदर, नदी, सरोवर अशा ठिकाणी त्या त्या देशाने आपले खास नियम करावेत, फक्त ते मूळ नियमांच्या शक्य तितके जवळ असावेत.

अमेरिकेने या सवलतीचा पुरेपूर वापर केला. 1980 साली तिथे अंतर्गत जलमार्गांचा वेगळा कायदा झाला आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांच्या तोंडाशी नकाशावर एकेक रेघ आखलेली आहे. न्यूयॉर्कची रेघ सँडी हुकच्या दीपगृहाला जाऊन मिळते. या रेघेबाहेर एक आखूड भोंगा वाजला तर त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’. रेघेच्या आत तोच भोंगा म्हणजे ‘तुम्हाला माझ्या डाव्या हाताला ठेवून जायचा माझा बेत आहे, कबूल असेल तर उत्तर द्या’. बाहेर कृती कळवायची, आत संमती मागायची. अशी रेघ मैलभर इकडेतिकडे सरकवायची म्हटली, तरी तिथल्या प्रत्येक सुकाणूवाल्याची सवय बदलावी लागते. म्हणून तिथे ती सरकवण्याआधी प्रस्ताव जाहीर करून लोकांच्या हरकती मागवतात.

आपल्याकडेही रेघ आहे, पण तिचं काम निराळं. आपली रेघ मुख्यतः कागदपत्रं वेगळी करते. बाहेर समुद्रात जाणारं जहाज जहाजबांधणीच्या कडक नियमांत आणि नौवहन महासंचालकांच्या अखत्यारीत. आत चालणारी लाँच, बार्ज, फेरीबोट अंतर्देशीय जलयान म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदलेली. आतल्या बोटीचा खर्च कमी, खलाशी कमी, तांडेलाच्या परवान्याची परीक्षा सोपी. त्यामुळे रेघ जितकी समुद्राकडे सरकेल, तितका वाहतूकदाराचा फायदा. धरमतर खाडीत कोळसा आणि लोहखनिज नेणाऱ्या बार्ज ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे हिशोब वेगळे सांगायला नकोत. 2013 साली नौवहन महासंचालनालयाने ‘नदी-सागर जहाज’ असा मधला वर्गच काढला, म्हणजे नदीच्या बोटीपेक्षा मजबूत आणि समुद्री जहाजापेक्षा स्वस्त. व्यापाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. रस्त्यावरचे ट्रक कमी होणार असतील तर माझं मत त्याच्याच बाजूने पडेल. फक्त रेघ कुठे आखायची, हे लाटेला विचारून ठरवावं; मालकाच्या नफ्याचा गणितात शेवटून नंबर लागावा.

कोकणातल्या माणसाला हे लाटेचं गणित कायद्याच्या आधीपासून ठाऊक आहे. पावसाळा आला की गेटवे ते मांडवा लाँच बंद होतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला, रेवसला जाणाऱ्या मात्र बहुतेक चालू राहतात. तिकडचं पाणी जरा आडोशाचं. गोव्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यात धोक्याचा होतो, तेव्हा खनिजाच्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आतल्या आत जुवारीत उतरायच्या. नकाशावरची रेघ वर्षभर एकाच जागी असते, समुद्राची रेघ आषाढात किनाऱ्याकडे येते आणि नारळी पौर्णिमेनंतर मागे हटते. 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कागदोपत्री ती बंदराच्या तोंडाशीच होती, पाणी मात्र त्या दिवशी भर समुद्राचं होतं.

आणि पाणी शांत असलं तरी रेघेच्या आत सगळं आलबेल असतं असं नाही. 18 डिसेंबर 2024 ला दुपारी एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 जीव गेले. आकाश स्वच्छ होतं, लाटांचाही प्रश्न नव्हता. ‘नीलकमल’ला परवाना प्रवासी आणि खलाशी धरून 90 जणांचा, बोटीवर माणसं शंभरावर. एकाच पाण्यात एक बोट सागरी मंडळाची, एक नौदलाची, शेजारून जाणारं तेलवाहू जहाज आणखी कुणाच्या नियमातलं. बंदराची हद्द पुन्हा बंदर प्राधिकरणाची. टक्कर टाळण्याचा नियम सगळ्यांना सारखाच होता. तो पाळला जातोय का, हे बघणारा एकच डोळा मात्र कुणाचाच नव्हता. अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आपल्याकडे प्रत्येक सक्तीला आधी एक अपघात लागतो.

आता उजनीवर येतो. 117 टीएमसीचा हा जलाशय 1980 मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागे माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत पसरलेला आहे. कुगावच्या माणसाला इंदापूर गाठायचं तर रस्त्याने मोठा वळसा, पाण्यातून जवळ. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांची हद्द इथे पाण्यातूनच जाते. पाणी जलसंपदा खात्याचं, मासळी मत्स्य खात्याची, होडी होडीवाल्याची, आणि बुडाल्यावर एनडीआरएफची. मुंबई इलाख्याने 1868 साली तरींचा आणि होड्यांचा कायदा केला होता. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारला तरीचा मक्ता कुणाला द्यायचा हे कळत होतं. एकविसाव्या शतकात कुगावची होडी कुणाच्या वहीत आहे, हे विचारायला गेलं की टेबलं बदलत राहतात.

आणि कायदा नाही अशी सबब आता चालणार नाही. संसदेने 1917 चा जुना कायदा रद्द करून 2021 साली अंतर्देशीय जलयान कायदा केला, जून 2022 पासून तो लागू आहे. नदी, तलाव, धरणाचं पाणी, जिथे बोट चालते ते सगळं यात येतं. इंजिनाच्या होड्यांची नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं आहे; वल्ह्याच्या होड्यांची नोंद ठेवण्याचं काम तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या तळाच्या पायरीकडे सोपवण्याची सोयही आहे. म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायत. चंद्रभागेत वारकऱ्यांना विष्णुपदाकडे नेणाऱ्या कोळी बांधवांच्या होड्याही त्याच कायद्याखाली येतात.

याच कायद्याने राज्य सरकारला आपल्या पाण्याचे लाटांच्या उंचीप्रमाणे तीन विभाग करायला सांगितलं आहे. दोन मीटरपर्यंतच्या लाटांचा पहिला, 1.2 मीटरचा दुसरा, 0.6 मीटरचा तिसरा. होडीची बांधणी, तिच्यावर ठेवायची साधनं, माणसांची संख्या या विभागावरून ठरते. माझा खरा आग्रह इथे आहे. उजनी जानेवारीच्या सकाळी पाहिलीत तर ताटात ओतलेल्या दुधासारखी दिसते. रोहित पक्षी बघायला येणारे तेच चित्र घेऊन परत जातात. कुणीही अधिकारी त्या दिवशी तिला तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात सौम्य विभागात टाकील. पण मैलोन्‌मैल उघडं पाणी आणि आडोसा नाही, अशा ठिकाणी मे महिन्यात दुपार कलल्यावर वळीव सुटला की काही मिनिटांत लाट उसळते, आणि उथळ, मासेमारीच्या होडीला गुडघ्याच्या वरची लाट पुरते. विभाग ठरवताना मोजमाप त्या दुपारचं धरलं पाहिजे. एकाच जलाशयाचे काठाजवळचे आणि मधल्या पात्रातले विभाग वेगळे करायलाही हरकत नाही. बंदरात तेच करतात.

शिरसोडी-कुगाव पूल मंजूर आहे, तो झाला की बरंच सुटेल. पण पुलाने मासेमारी थांबणार नाही आणि पर्यटकांच्या होड्या तर वाढतच जाणार. सोलापूर आणि पुणे या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या एप्रिलच्या आत एकत्र बसावं. होड्यांची एकच यादी करावी, प्रत्येक होडीवर नंबर आणि माणसांची मर्यादा ठळक रंगवावी, हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की दोन्ही काठांवरून होड्या एकाच वेळी बंद कराव्यात. याला नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

हे होईपर्यंत करमाळ्या-इंदापूरच्या वाचकांना माझं सांगणं एवढंच : मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग दाटलेले दिसले, तर होडी धरू नका. वळसा पडला तरी रस्त्यानेच जा.