घर आणि शाळा : सहीपुरते पालक

वाचकहो, आपल्या मुलाच्या शाळेत आपण शेवटचे कधी गेला होता? प्रगतिपुस्तकावर सही करावयास किंवा तक्रार ऐकून घ्यावयास नव्हे; सहज, आपली शाळा म्हणून?

जुन्या मद्रास राज्याची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, याचे खापर आईबापांच्या अनास्थेवर फोडण्याची सोयीस्कर रीत तेव्हाही होती. १९५४ साली मुख्यमंत्री झालेल्या कामराजांना कारण दिसले ते मुलांच्या रिकाम्या पोटात. १९५६ मध्ये शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले. आरंभी त्याचा भार मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिक्षणखात्याचे संचालक सुंदरवडिवेलु यांनी शाळासुधार परिषदा भरविल्या. शाळेची निकड गावापुढे मांडावयाची आणि ती गावाने भागवावयाची, अशी ही पद्धत. त्यातून शाळांना खोल्या, बाके, गणवेश मिळाले. परंतु मला मोल वाटते ते वस्तूंचे नव्हे. ज्याने शाळेसाठी पायलीभर तांदूळ दिला, तो मुले जेवली की नाही हे पाहण्यास उद्या येणारच! आणि एकदा आत आला, की फळ्यावर काय लिहिले आहे याकडेही त्याचे लक्ष जाते.

आज ही गोष्ट दानशूरांच्या मर्जीवर सोडलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, विनाअनुदानित शाळा वगळता, प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितले आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणात स्थान असावे, असे बंधन आहे. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि सरकारी अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे.

पण सभा भरते सकाळी अकराला. मजुरीवर जाणाऱ्या आईने त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे काय? ती आलीच तर इतिवृत्त आधीच लिहून तयार असते. अंगठा कोठे उठवावयाचा, एवढेच तिला दाखविले जाते. तिला अक्षरओळख नसेल, परंतु आपले मूल कोणत्या दिवशी उपाशी परतले हे तिच्याइतके दुसरे कोणास ठाऊक? सभा सायंकाळी घ्यावी आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. यास पैसा लागत नाही.

आपण अशा समितीचे सभासद असाल, तर पुढील सभेत सही करण्यापूर्वी ती वही मागून घ्या. वाचता येत नसलेली एखादी माउली शेजारी बसली असेल, तर तिलाही ऐकू जाईल अशा बेताने वाचा.