उंदराचे डोळे आणि मामांचा पाय

काय बालमित्रांनो, आज कुणाचा गुडघा फुटलाय? मधली सुट्टी संपली, की आमच्या वर्गात एखादं तरी ढोपर सोलवटून येतंच! मी ते नळाखाली धुते, पट्टी लावते. आठ-दहा दिवसांत खपली पडते आणि खाली नवी कोरी गुलाबी कातडी दिसते. हे इतकं नेहमीचं, की त्यात काही नवल आहे असं आपल्याला वाटतच नाही.

मलाही वाटत नव्हतं. पण माझ्या मामांच्या पायाची जखम भरेचना, तेव्हा मात्र कळलं.

झालं असं, की मामांना नवी चप्पल चावली. अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला, फुटला. कुणी हळद दाबली, कुणी कसल्याशा पाल्याचा रस लावला. दोन महिने झाले तरी जखम तशीच! मी डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर मामा हसले. ''अगं, दुखत नाही ना, म्हणजे बरीच होतेय ती!''

मुलांनो, इथेच मामा चुकले. जखम दुखत नव्हती, कारण पायच बधिर झाला होता. मामांना मधुमेह होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता! रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेला पुरेसं रक्त मिळत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. मग जखम भरणार कशी? आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर उशीर झाला होता. मामांचं ते बोट काढावं लागलं.

बोट गेलं, पण त्या जागची जखमही तितकीच हट्टी! तेव्हा डॉक्टरांनी एक जेल लावायला सुरुवात केली. त्या जेलची गोष्ट मोठी गमतीची आहे, बरं का!

उंदराचं पिल्लू जन्मतं, तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेला अर्क नवजात पिल्लांना टोचला. आणि काय आश्चर्य! पिल्लांचे डोळे कितीतरी आधी उघडले! दुसरा कुणी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देता. कोहेन मात्र 'असं का?' हा प्रश्न धरून बसले. शेवटी त्यांना अर्कातलं ते प्रथिन सापडलं. ते कातडीच्या पेशींना जणू निरोप देतं, 'चला, वाढा!' अशा प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. या कामासाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंटालचिनी या शास्त्रज्ञ बाईंना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

तुमचं ढोपर भरतं, तेव्हा तुमचं शरीर असेच निरोप पाठवत असतं. हट्टी जखमेत मात्र हे निरोप पोचण्याआधीच तुटून जातात. मग ते बाहेरून दिले तर? १९९७ साली अमेरिकेत अशा एका वृद्धिघटकाच्या जेलला मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी परवानगी मिळाली. माणसाचं जनुक यीस्टमध्ये घालून तो घटक तयार करतात. हो, पाव फुगवणारं तेच यीस्ट! आणि कोहेन यांना सापडलेल्या घटकाचं जेल आपल्या देशात हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलंय. कोव्हॅक्सिन लस काढणारी, तीच ही कंपनी.

मग काय, जेल लावलं आणि जखम भरली? छे! डॉक्टरांनी आधी मेलेलं मांस काढलं. जखम वरचेवर साफ केली. साखर ताब्यात आणली. पायावर भार द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. आणि मग जेल! खडकावर बी पेरलं तर उगवतं का? तसंच हे. आधी जमीन तयार हवी. तीन महिन्यांनी मामांची जखम भरली. बोट मात्र परत आलं नाही.

म्हणून आजचा गृहपाठ पाटीवर नाही, घरात करायचा. आजी-आजोबांना मधुमेह आहे का, विचारा. असेल तर रोज संध्याकाळी त्यांचे पाय बघायचे. तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा! त्यांना वाकून दिसत नाही, तुम्हाला दिसतं. चप्पल-बुटात खडा नाही ना, तेही बघा. अनवाणी चालू देऊ नका. पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू देऊ नका, बधिर पायाला चटका कळत नाही. एवढीशी जखम दिसली तरी हळद नको, चुना नको, उरलंसुरलं मलमही नको. त्याच दिवशी आई-बाबांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवायला लावा.

आजोबा म्हणतील, ''दुखत नाही रे!'' तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. हो ना?