औषध वेगळे करणारे हात

पिंपरीतील एका वस्तीत आम्ही आरोग्य शिबिर घेत होतो. बी.फार्म.ला शिकणारी एक मुलगी मदतीला आली होती. तिच्या कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, आम्ही अल्कोहोल आणि साखरेच्या पाण्यातून औषधी रेणू वेगळे करतो." शेजारी बसलेल्या तिच्या आजी दचकल्या. "दारू आणि साखर? अगं, आपण रोज पंचशील म्हणतो ना?"

आम्ही हसलो; पण आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कारखान्यात काय वापरतात आणि ते कोणाच्या अंगावर येते, हे वस्तीला कळलेच पाहिजे.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण स्वयंपाकघरात पाहतो. अल्कोहोल मात्र पाण्यात सहज मिसळते. तरीही पाण्यात भरपूर साखर विरघळवून त्यात प्रोपॅनॉलसारखे अल्कोहोल योग्य प्रमाणात घातले, की साखर पाण्याला घट्ट धरून ठेवते आणि अल्कोहोल बाजूला पडते. वर अल्कोहोलचा थर, खाली साखरपाण्याचा. पाणी दोन्ही थरांत असते. आता यात वनस्पतीचा अर्क किंवा जंतूंनी तयार केलेला द्रव घातला, तर प्रत्येक रेणू आपापल्या स्वभावाप्रमाणे वरचा किंवा खालचा थर निवडतो. हवा तो थर काढून घेतला, की अर्धे काम झाले.

पाण्याच्या दोन थरांची ही युक्ती जुनी आहे. स्वीडनचे पेर-ओके अल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात पॉलिमर वापरून ती जैवरेणूंसाठी आणली. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी संस्थेत पॉलिमर आणि क्षार यांच्या अशाच थरांतून अननसातील ब्रोमेलिन हे एन्झाइम वेगळे करण्यावर काम झाले आहे. साखरेने थर पाडण्याचे संशोधन मात्र अलीकडचे; २००८ च्या सुमारास ते पुढे आले.

याचा आपल्याशी काय संबंध? तर पिंपरीची ओळखच औषध वेगळे करण्याच्या कामातून झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. आपण तिला 'एच.ए.' म्हणतो. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागले. बुरशी टाकीत वाढवायची, द्रव गाळायचा, थंड करून आम्ल घालायचे आणि ब्युटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात पेनिसिलीन ओढून घ्यायचे, ही पेनिसिलीन काढण्याची जगभरची रीत. आम्लात पेनिसिलीन लवकर नासते, म्हणून सगळे घाईने करावे लागते. बुरशी औषध बनवते हे खरे, पण ते इंजेक्शनच्या बाटलीपर्यंत येते ते या वेगळे करण्याच्या कामामुळे. औषधाच्या किमतीचा मोठा हिस्सा इथेच ठरतो आणि कामगाराचा धोकाही इथेच असतो.

आमच्यातल्या ज्यांनी वॉर्डात नोकरी केली, त्यांनी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली मुले पाहिली आहेत. हा ताप दाटीच्या घरांतल्या मुलांना अधिक गाठतो. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. औषध जुने आणि स्वस्त. पण ते चुकले, तर झडप आणखी बिघडते. ज्या गावाने देशाला पेनिसिलीन दिले तिथली सरकारी कंपनी पुढे आजारी पडली आणि पेनिसिलीनच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर अवलंबून राहिला. २०२० मध्ये सरकारला देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आणावी लागली.

म्हणून औषध वेगळे करण्याच्या नव्या, स्वस्त पद्धतींचे आम्ही स्वागतच करतो. पण 'पाण्यावर आधारित, पर्यावरणपूरक' असे लेबल लागले म्हणजे सगळे सुरक्षित झाले, हे आम्हाला मान्य नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. चाकणचा उन्हाळा आठवा. साखरेचे पाणी निरुपद्रवी वाटते, पण ते नाल्यात सोडले तर जंतू त्यावर पोसतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. पवना आणि इंद्रायणी आधीच आजारी आहेत.

आग लागते तेव्हा आत कोण असते? २०२१ मध्ये मुळशीतील उरवडे, २०२३ मध्ये तळवडे. दोन्हीकडे माल वेगळा होता, पण जळून मेलेल्यांत बहुतेक महिला कामगार होत्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचे आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हा धडा आपल्याला तिथून मिळाला. तरीही कामाच्या जागी कोणता धोका आहे हे कामगाराला सांगण्याचे बंधन कारखाना कायद्यात स्पष्टपणे यायला भोपाळ घडावे लागले. ती दुरुस्ती १९८७ ची.

आमचे म्हणणे साधे आहे. द्रावक हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ठेकेदाराकडचा का असेना, त्याची माहिती मराठीत आणि हिंदीत मिळाली पाहिजे. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे औषध सरकारी दवाखान्यात पोहोचले पाहिजे. आणि भगिनींनो, भंगारवाल्याकडून आणलेल्या केमिकलच्या ड्रममध्ये पिण्याचे पाणी भरू नका. तो कितीही धुतला तरी आत काय मुरले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यातले अल्कोहोल घरी आणू देऊ नका. ते थोडे पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते.

त्या मुलीने प्रकल्प जरूर पूर्ण करावा. उद्या ती प्रयोगशाळेत उभी राहील, तेव्हा खाली टाकीजवळ उभ्या असलेल्या तिच्याच वस्तीतल्या बाईची आठवण तिने ठेवावी. आजींनाही आम्ही तेच सांगितले: ही दारू पिण्याची नाही, पण तिच्यावर नजर मात्र आपणच ठेवायची.